आंग, गावबुरा आणि कौन्सिल: नागा गावात चालतं कुणाचं?

नागालँडमधल्या लोंगवा या सीमेवरच्या गावाच्या आंगाचं, म्हणजे वंशपरंपरागत प्रमुखाचं, घर एव्हाना बहुतेकांनी मोबाइलवर पाहिलं असेल. घराच्या मधून आंतरराष्ट्रीय सीमा जाते, अर्धं घर भारतात, अर्धं म्यानमारात. व्हिडिओ तिथंच संपतो. या आंगाचा अधिकार नेमका कसला, तो त्याला मिळाला कसा आणि पलीकडच्या डोंगरावरच्या गावांनी त्याचं का ऐकावं, हे कुणी सांगत नाही. 'नागांचा राजा' एवढा मथळा दिला की काम भागतं.

पहिली गडबड त्या मथळ्यातच आहे. नागांचा एक राजा कधीच नव्हता. नागालँड, मणिपूरचे डोंगर, अरुणाचलाचा तिरप-लोंगडिंग पट्टा आणि म्यानमारचा वायव्य कोपरा एवढ्या मुलखातल्या अनेक जमातींना मिळून बाहेरच्यांनी 'नागा' हे नाव दिलं. त्यांच्या भाषा एकमेकींना कळत नाहीत. दोन जमातींचे लोक बाजारात भेटले तर आसामीतून घडलेल्या नागामीज या कामचलाऊ बोलीत व्यवहार होतो. प्रत्येक गाव म्हणजे जवळपास एक स्वतंत्र राज्य, आणि ते चालवायच्या रीती इतक्या वेगळ्या की एका जमातीवरून दुसरीचा अंदाज बांधायला जाल तर फसाल.

कोहिमाच्या आसपासच्या अंगामींचंच बघा. तिथं हुकूम देणारा प्रमुख नाहीच. गाव स्थापन करणाऱ्याच्या वंशातला केमोवो विधींचा मान सांभाळतो, सण कधी धरायचा ते सांगतो, पण कुणाला शेतावर राबायला बोलावू शकत नाही. निर्णय होतात ते खेलमध्ये, म्हणजे गावातल्या कुळांच्या वस्तीत, भांडून आणि बोलून. मोकोकचुंगकडच्या आओंची तऱ्हा आणखी निराळी. तिथं सत्ता माणसाची नसते, पिढीची असते. 'पुतू मेंडेन' ही गावाची सभा. मेंडेन म्हणजे आसन. एक पिढी सुमारे ३० वर्षं आसनावर बसते आणि मग सगळीच्या सगळी उठून पुढच्या पिढीला जागा देते. कुठल्या कुळाला कुठलं पद आणि बळी दिलेल्या जनावरातला कुठला वाटा, हे ठरलेलं असतं. आपल्याकडच्या जत्रेत मानाच्या वाट्यावरून जी भांडणं होतात, त्यांची कल्पना असेल तर हा वाटा किती गंभीर मामला असतो ते सांगायला नको.

झुन्हेबोटोकडच्या सुमींमध्ये, ज्यांना जुन्या कागदांत सेमा म्हटलंय, प्रमुखपद वंशपरंपरेने चालतं. पण त्याचा पाया रक्तापेक्षा जमिनीत आहे. इथला प्रमुख म्हणजे गाव वसवणारा. त्याचा मोठा मुलगा कर्ता झाला की बापाच्या गावात खोळंबून राहत नाही. सोबत काही घरं घेतो, मोकळा डोंगर शोधतो, नवं गाव बांधतो आणि त्या गावाचा प्रमुख होतो. म्हणूनच सुमी गावांना बहुधा स्थापकाचंच नाव असतं. जी माणसं सोबत आली त्यांना तो कसायला जमीन देतो, अडीअडचणीला धान्य देतो, लग्नात द्यावं लागणारं मोलही भरतो. बदल्यात ती माणसं त्याला बाप मानतात आणि वर्षातले ठरलेले दिवस त्याच्या शेतावर राबतात. हे सगळं रिकामी जमीन असेपर्यंत सुरळीत चाललं. डोंगर भरले तसं धाकट्या-थोरल्यांना नवं गाव घालायला जागा उरली नाही आणि एकाच गावात दोन-तीन दावेदार बसू लागले. पुढे बरीच सुमी कुटुंबं दिमापूरकडच्या सपाटीवर उतरली आणि तिथं तोच क्रम पुन्हा सुरू झाला.

आता कोन्याक. नागालँडच्या उत्तर टोकाला मोन जिल्हा आहे, तिथली ही अडीच लाखांच्या आसपासची जमात. 'वंशपरंपरागत प्रमुख' हे शब्द ज्याला खऱ्या अर्थाने लागू पडतात तो आंग इथला. तेही सगळीकडे सारखं नाही. कोन्याकांमध्ये दोन गट धरतात, थेंदू आणि थेनकोह. थेंदू गावांत (मोन, चुई वगैरे) आंगाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तिथल्या योद्ध्यांचे चेहरे गोंदलेले असत. वाकचिंगसारख्या थेनकोह गावांत आंगाच्या कुळाला मान होता, पण कारभार वडीलधाऱ्यांच्या हातात.

थेंदू आंगाचं गणित असं. थोरला आंग व्हायचं तर बाप आंग असून भागत नाही, आईही आंग कुळातलीच हवी. आंग कुळातली मुलगी आपल्या गावात मिळायची नाही, कारण ती बहीणच लागणार. म्हणजे ती दुसऱ्या गावच्या आंगाच्या घरातून आणावी लागते. ही पट्टराणी. तिच्या पोटचा मुलगा गादीचा वारस. याखेरीज आंग सामान्य घरांतल्या मुलींशीही लग्नं करी, पुष्कळ करी. पण त्यांची मुलं 'लहान आंग' ठरत. सामान्यांपेक्षा वर, गादीपासून दूर.

हा नियम वरवर नुसता रक्ताचा गर्व वाटतो, पण त्यात राजकारण मुरलेलं आहे. प्रत्येक पिढीत प्रत्येक थोरल्या आंगाला दुसऱ्या एका बलाढ्य गावाशी सोयरीक करावीच लागे. मुंडकी कापून आणण्याच्या काळात तो आपोआप तहच होई. शिवाय गादीचे दावेदार मोजकेच उरत. डझनभर बायका आणि पन्नास पोरं असली तरी वारसाचा प्रश्न पट्टराणीच्या मुलांपुरता. उरलेल्या भावांचं आणि लहान आंगांचं काय करायचं, याचीही सोय होती. मांडलिक गावांना आंग हवा असला की थोरल्या गावातून तो पाठवला जाई. घरातला संभाव्य भांडखोर बाहेर गेला आणि मांडलिक गावात आपला माणूस बसला, एका दगडात दोन पक्षी. लोंगवाच्या आंगाला म्यानमारमधली आणि अरुणाचलातली गावं का मानतात, त्याचं उत्तर या सोयरिकीत आणि मांडलिकीत आहे. सीमा नंतर आली.

बिघडायचं ते इथंच. पट्टराणीला मुलगा झाला नाही की गादी भावाकडे सरकणार की लहान आंगाला वर काढायचं, यावर गावात तट पडत. आणि पुढे चर्च आलं. बाप्तिस्मा घेणाऱ्याला एकच बायको. कोन्याक आज मुख्यतः बॅप्टिस्ट ख्रिस्ती आहेत. एकपत्नी आंगाच्या घरात वारस मिळण्याची शक्यता आधीच घटते, त्यात मुलाने कॉलेजात भेटलेल्या, आंग कुळाबाहेरच्या मुलीशी लग्न केलं तर जुन्या मोजमापाने पुढचा वारस 'लहान' ठरतो. मग मोजमाप बदलायचं की माणूस, हा प्रश्न त्या गावालाच सोडवावा लागतो.

आंग करायचा काय? गावाचं वर्ष शेतीने चालतं आणि शेती म्हणजे झूम: डोंगरउतारावरचं जंगल तोडायचं, वाळवायचं, जाळायचं, राखेत पेरायचं, दोन वर्षं पीक घेऊन जमीन सोडून द्यायची. सह्याद्रीतली कुमरी किंवा कोकणातलं राब भाजणं आठवा, फक्त प्रमाण पूर्ण डोंगराचं. यंदा कुठला उतार तोडायचा हा वर्षातला सगळ्यात मोठा निर्णय, आणि तो एकेका घराने घेऊन चालत नाही. सगळं गाव एकाच अंगाला, शेजारी-शेजारी तोडतं. त्यामागची कारणं अगदी रोखठोक आहेत. आग एकदाच लावायची, तिला आवर घालणारा पट्टा एकदाच साफ करायचा. रानडुकरं आणि पाखरं राखायला माचाणं जवळजवळ बांधता येतात. आणि शेतापर्यंतची पायवाट, जी कधी तास-दोन तासांची असते, एकच दुरुस्त करावी लागते.

तोडणी हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत. जाळणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. मग पेरणी, पावसाळाभर दोन-तीन वेळा निंदणी, आणि कापणी ऑगस्टच्या पुढे पिकानुसार. भात आहेच, पण कोन्याकांचं जुनं अन्न अळकुड्यांचं. अळू उतारावर, कमी मेहनतीत येतं. सगळ्यात नाजूक दिवस जाळणीचा. उशीर झाला आणि वळवासारखी एखादी सर आली तर लाकूड अर्धवट जळतं. मग ओंडके गोळा करून पुन्हा जाळा, राख कमी, तण दुप्पट, आणि ते तण काढणाऱ्या बायकांची कंबर मोडते. फार लवकर जाळलं तर पेरणीआधीच वारा राख उडवून नेतो. आग पट्टा ओलांडून शेजारच्या गावाच्या रानात गेली तर दंड आणि वर्षानुवर्षांचं वैर. एवढ्यासाठी दिवस ठरवणारा एक मुखत्यार लागतो. आंगाची उपयुक्तता लोकांना पटत होती ती अशा जागी.

जमीन पूर्वी दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त पडीक राहायची. आता बऱ्याच ठिकाणी हे अंतर निम्म्यावर आलंय. जंगल पुरतं वाढायच्या आत कुऱ्हाड पडते, राख थोडी मिळते, दुसऱ्या वर्षीचं पीक तणात बुडतं. यावर कोहिमाजवळच्या खोनोमाच्या अंगामींनी काढलेला तोडगा नमुनेदार आहे. ते शेतातली आल्डरची झाडं मुळापासून काढतच नाहीत. साधारण दोन मीटर उंचीवर छाटतात, फांद्या जाळतात, खुंटाला फुटलेले काही निवडक धुमारे राखतात. आल्डरची मुळं हवेतला नायट्रोजन मातीत धरून ठेवतात, त्यामुळे पडीक काळ काही वर्षांवर आणता येतो आणि उतार धुपत नाही. मोनच्या उतारावर हे जसंच्या तसं उचलून लावता येईलच असं नाही. उंची वेगळी, हवा वेगळी.

आंगाच्या शेतावर गाव पाळीपाळीने राबे, शिकारीतला ठरलेला वाटा त्याच्या घरी जाई, मांडलिक गावांकडून खंडणी येई. याला वेठ म्हणायचं का? काही अंशी होय. पण राबायला आलेल्यांना आंगाने भात, मांस आणि तांदळाची बिअर पोटभर द्यायची असते. सणाला जेवण घालायचं असतं, दुष्काळात कोठार उघडायचं असतं. कोठारात आलं त्यातलं पुष्कळ असंच बाहेर जाई. ज्याला घालता येत नाही त्याचा मान कागदोपत्री राहतो आणि लोक दुसऱ्या गावाची वाट धरतात. ही शेवटची धमकी खरी होती. माणूसबळाशिवाय डोंगरावरची जमीन कवडीमोलाची.

या माणूसबळाची शाळा म्हणजे मोरुंग. गडचिरोलीतल्या माडियांचं गोटूल ठाऊक असेल तर कल्पना येईल, मात्र कोन्याक मोरुंग मुलग्यांचं. दहा-बारा वर्षांचा झाला की मुलगा रात्री घरी झोपत नसे, आपल्या वाड्याच्या मोरुंगात जाई, तो लग्न होईपर्यंत. बांबूकाम, कोरीवकाम, शिकार, गाणी, भांडण कधी करायचं आणि कधी गिळायचं, सगळं तिथं. एका गावात अशी अनेक मोरुंगं. वाकचिंगमध्ये पाच होती, आणि कुठल्या मोरुंगाच्या मुलाने कुठल्या मोरुंगाकडची मुलगी करायची नाही, हेही ठरलेलं. मोरुंगात किंवा त्याशेजारच्या छपरात लाकडी ढोल असे: एका प्रचंड झाडाचं खोड आतून पोखरून केलेला, सगळ्या गावाने वेलांच्या दोरांनी ओढत आणलेला. आग, शत्रू, मृत्यू, प्रत्येकाचा ठोका वेगळा. आज मोरुंगं आहेत, पण वसतिगृह म्हणून नव्हे. शाळेने आणि चर्चने मुलांचा दिवस वेगळा बांधून दिला. इमारत उभी राहिली तरी आत झोपणारं कुणी नाही. याची हळहळ बाहेरच्यांना जास्त वाटते. तिथल्या आईला मूल दहावी झालेलं हवं असतं, आणि तिचं चूक नाही.

गावाची मांडणीही लक्षात घेण्यासारखी. गाव डोंगराच्या धारेवर, कारण तिथून शत्रू दिसतो. पाणी मात्र खाली झऱ्याला, म्हणजे चढावरून बांबूच्या नळकांड्यांतून पाणी वाहायचं काम पिढ्यानपिढ्या बायकांच्या पाठीवर. घरं लाकूड-बांबूची, छप्पर पानांचं. फेब्रुवारी-मार्चच्या वाऱ्यात एका चुलीची ठिणगी निम्मं गाव घेऊन जायची. म्हणून धान्याची कोठारं घरांना चिकटून नसतात, गावाच्या कडेला वेगळी बांधतात. घर जळलं तर पुन्हा बांधता येतं, बियाणं जळलं तर गाव संपतं. हल्ली पत्र्याची छपरं सगळीकडे दिसतात आणि फोटो काढणारे नाक मुरडतात. आगीची ही गोष्ट कळली की पत्रा तितका कुरूप दिसत नाही.

आता कायद्याकडे. इंग्रजांनी डोंगर ताब्यात घेतले तेव्हा अंगामींसारख्या प्रमुख नसलेल्या गावांत बोलायचं कुणाशी, घरपट्टी मागायची कुणाकडे, हा पेच पडला. त्यांनी गावबुरा नेमले. आसामी शब्द आहे, अर्थ 'गावचा वडीलधारा'. लाल शाल ही त्यांची खूण, ती आजही आहे. लोक 'जीबी' म्हणतात. शिवाय साहेब आणि गाव यांच्यामध्ये दोभाषी आले, म्हणजे चक्क आपला दुभाष्या. हे दुभाषी पुढे रूढी-कायद्याचे जाणकार झाले आणि आज नागालँडमध्ये दोभाषींची न्यायालयं भरतात. कोन्याक आंगांपैकी बऱ्याच जणांची गावं मात्र इंग्रजांच्या थेट अंमलाबाहेर होती, त्यामुळे आंगावर गावबुरा बसवण्याचा प्रश्न तिथं उशिरा आला.

नागालँड राज्य १ डिसेंबर १९६३ला झालं. त्यासाठी घटनेत कलम ३७१अ आलं. नागांच्या धार्मिक-सामाजिक प्रथा, रूढी-कायदा, त्यानुसार होणारा न्याय आणि जमीन व तिच्यातली संपत्ती, या चार बाबतींत संसदेचा कायदा राज्य विधानसभेने ठराव केल्याशिवाय लागू होत नाही. गंमत अशी की त्याच वर्षी, १ जानेवारी १९६३ला, महाराष्ट्रात वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी कायद्याने बंद झाली. शेजारच्या मिझो डोंगरांतल्या प्रमुखांचे हक्क तर १९५४च्या कायद्याने सरकारने काढून घेतले होते. मणिपुरात १९६७ला तसाच कायदा झाला, पण तो अमलात आला नाही. म्हणजे 'ईशान्येतले आदिवासी प्रमुख' असा सरसकट शब्दप्रयोग करणाऱ्याला राज्यागणिक वेगळं उत्तर मिळतं.

नागालँडने तिसरा मार्ग धरला. १९७८च्या गाव व क्षेत्र परिषद कायद्यानुसार प्रत्येक मान्य गावाला व्हिलेज कौन्सिल आहे. सदस्य गावाच्या रूढीप्रमाणे निवडले जातात, मुदत पाच वर्षं. आणि वंशपरंपरागत प्रमुख, गावबुरा व आंग हे पदसिद्ध सदस्य, मतदानाच्या हक्कासह. थोडक्यात आंगाला काढलं नाही, सभेत बसवलं. पण सभेत त्याचं मत एकच. अध्यक्ष सभा निवडते. राज्यघटनेतली पंचायत राजची तरतूद नागालँडला लागू नाही, तेव्हा आपल्याकडचा सरपंच, ग्रामसेवक, महिला आरक्षण तिथं शोधू नका. गावाच्या विकासाचा पैसा येतो तो व्हिलेज डेव्हलपमेंट बोर्डाकडे, घरांच्या संख्येवरून. त्यातला चौथा हिस्सा बायकांच्या कामांसाठी राखलेला असतो. कौन्सिलमध्ये मात्र बायका अजून फारच थोड्या, आणि रूढी हे त्याचं कारण म्हणून पुढे केलं जातं.

लोंगवाकडे परत येऊ. भारत-ब्रह्मदेश सीमा करार १९६७चा. खांब त्यानंतर रोवले गेले, लोंगवाचा क्रमांक १५४. रेष पाणलोटाच्या धारेवरून गेली आणि गाव नेमकं धारेवर वसलेलं. आंगाचं घर मधोमध सापडलं ते त्यामुळे. पलीकडच्या नातलगांकडे, शेतावर जायला सीमेपासून १६ किलोमीटरपर्यंत मुक्त ये-जा होती. २०२४मध्ये केंद्राने ती बंद करायचं ठरवलं आणि वर्षाच्या अखेरीस १० किलोमीटर व पास अशी नवी पद्धत आणली. ज्याचं शेत एका देशात आणि कोठार दुसऱ्या देशात, त्याच्यासाठी पास म्हणजे रोज कामावर जाण्याआधीची रांग.

तिकडे जाणाऱ्यांसाठी एवढं. महाराष्ट्रातून जाणाऱ्यालाही इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, लागतं, १८७३च्या नियमाखाली. मोन शहरापासून लोंगवा सुमारे ४२ किलोमीटर, पण वेळ किलोमीटरवरून मोजू नका, पावसाळ्यात तर नाहीच. एप्रिलच्या १ ते ६ तारखांना आओलेआंग, पेरणीनंतरचा सण, तेव्हा गावं भरलेली असतात. आंगाच्या घरात शिरण्याआधी विचारा, काहीतरी भेट न्या, गोंदलेल्या म्हाताऱ्यांचा फोटो परवानगीशिवाय काढू नका. काही काम असेल तर योग्य माणूस गाठा. रस्त्याचं, पैशाचं विचारायचं तर डेव्हलपमेंट बोर्डाचा सेक्रेटरी. गावात मुक्काम, कसलं सर्वेक्षण, तर कौन्सिलचा अध्यक्ष आणि लाल शालवाला जीबी. जमिनीचं असेल तर कुळ, म्हणजे जमीन ज्या वंशाची तो वंश, आणि तिथं कुळाच्या होकाराशिवाय आंगाचा होकारही पुरत नाही. आंगाकडे जा ते भेटायला. त्याच्या चुलीशेजारी बसायला मिळालं तर काळा चहा येईल, आणि तो नाही म्हणू नये.